मेक्सिकन 'फास्ट कॅज्युअल' साखळीची फ्रँचायझी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नोकरी करणारे मराठी वाचक, न्यू जर्सी-टेक्सासकडे दुकान घेऊ पाहणारी कुटुंबं आणि पुण्या-मुंबईतून विचारणा करणारे तरुण यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं प्रामुख्याने अमेरिकेतल्या व्यवहाराबद्दल आहेत, कारण हा धंदा तिथेच वाढला आणि त्यातली भांडणंही तिथेच झाली. भारताबद्दल शेवटचा प्रश्न आहे. 'मूळ कंपनी' म्हणजे ब्रँडची मालक आणि 'धारक' म्हणजे फ्रँचायझी घेऊन दुकान चालवणारा, असे शब्द सगळीकडे वापरले आहेत.

१. फास्ट कॅज्युअल म्हणजे नेमकं काय? टॅको बेल त्यात येतं का?

काउंटरवर ऑर्डर द्यायची, वेटर नाही, पण पदार्थ तुमच्यासमोर ताजा भरून मिळतो आणि दर फास्ट फूडपेक्षा थोडा जास्त असतो, ते फास्ट कॅज्युअल. मेक्सिकन प्रकारात याची खूण म्हणजे काचेमागची लांब रांग: टॉर्टिया (पातळ पोळी), भात, बीन्स, मांस किंवा भाज्या, साल्सा (तिखट चटणी), चीज, ग्वाकामोले (अव्होकाडोची चटणी). चिपोटले, क्यूडोबा, मोज साउथवेस्ट ग्रिल आणि बाहा फ्रेश या साखळ्या यात येतात. टॅको बेल फास्ट फूडमध्ये मोडतं. तिथला बराच माल तयार होऊन येतो आणि धंद्याचा मोठा भाग गाडीतून ऑर्डर देणाऱ्यांचा असतो.

हा फरक धारकासाठी महत्त्वाचा आहे. ताजं चिरणं आणि ग्रिलवर भाजणं म्हणजे सकाळी सात-आठपासून तयारीला माणसं लागतात. गिऱ्हाईक येवो न येवो, त्या तासांचा पगार द्यावाच लागतो.

२. चिपोटलेची फ्रँचायझी किती रुपयांत मिळेल?

मिळत नाही. स्टीव्ह एल्स यांनी १९९३ मध्ये डेन्व्हरला सुरू केलेली ही साखळी अमेरिकेतली दुकानं स्वतःच चालवते. १९९८ पासून मॅकडोनल्ड्सचा पैसा त्यात होता. २००६ मध्ये चिपोटले शेअर बाजारात आली आणि त्याच वर्षी मॅकडोनल्ड्स पूर्ण बाहेर पडली. परदेशासाठी पहिला विकास करार (ठरलेल्या भागात दुकानं उघडण्याचा) २०२३ मध्ये आखाती देशांतल्या अलशाया समूहाशी झाला आणि २०२४ मध्ये कुवेतला दुकान उघडलं. असे करार देशोदेशी शेकडो दुकानं चालवणाऱ्या समूहांशी होतात, एकट्या गुंतवणूकदाराशी नाही.

चिपोटलेच्या रांगा पाहून दुसऱ्या ब्रँडची फ्रँचायझी घेणारे पुष्कळ आहेत. त्या रांगा चिपोटलेच्या असतात. शेजारच्या ब्रँडच्या वाट्याला त्यातलं किती येईल, हे त्याच ब्रँडच्या दुकानांच्या आकड्यांवरून ठरवायचं.

३. मग फ्रँचायझी देणाऱ्या साखळ्या कोणत्या, आणि त्यांचा इतिहास कसा आहे?

चढउताराचा. बाहा फ्रेश १९९० मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. फ्रीझर नाही, मायक्रोवेव्ह नाही, डबा फोडायची चावी नाही, ही तिची ओळख. २००२ मध्ये वेंडीजने ती सुमारे २७.५ कोटी डॉलरला घेतली आणि २००६ मध्ये ३.१ कोटींना विकली. २०१६ मध्ये ती कॅनडाच्या एमटीवाय फूड ग्रुपकडे गेली. क्यूडोबा डेन्व्हरचीच, १९९५ ची. जॅक इन द बॉक्सने २००३ मध्ये सुमारे ४.५ कोटींना घेतली आणि २०१८ मध्ये ३०.५ कोटींना अपोलो या गुंतवणूक कंपनीशी संबंधित फंडांना विकली. मोज २००० मध्ये अटलांटात सुरू झाली आणि २००७ मध्ये फोकस ब्रँड्सकडे गेली. सिएटलच्या टॅको डेल मारने २०१० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, फ्लोरिडाच्या तिहुआना फ्लॅट्सने एप्रिल २०२४ मध्ये.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. तुमचा करार साधारण दहा वर्षांचा असतो आणि तेवढ्या काळात मूळ कंपनीचा मालक एकदा तरी बदलेल असंच धरून चाला. मालक बदलला की काय होतं, ते प्रश्न १४ मध्ये.

४. दुकान उघडायला एकूण किती पैसे लागतात? फ्रँचायझी फी तर फार मोठी दिसत नाही.

फी हा सगळ्यात लहान आकडा. ती बहुधा २० ते ४० हजार डॉलरच्या आसपास असते. खरा खर्च जागा तयार करण्यात जातो: ग्रिलवरचा धूर ओढणारा हूड आणि त्याची आग विझवणारी यंत्रणा, सांडपाण्यातलं तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप, वॉक-इन कूलर, गरम-थंड खाचांची सर्व्हिंग लाइन, प्लंबिंग, वीज, पाटी, बिलिंगची यंत्रणा. दोन-अडीच हजार चौरस फुटांची रिकामी जागा शून्यातून तयार करायची तर खर्च अनेक लाख डॉलरवर जातो आणि महाग शहरांत दहा लाखही ओलांडतो. आधी रेस्टॉरंट असलेली जागा मिळाली तर हूड आणि ग्रीस ट्रॅप वाचतात. पण ते सध्याच्या नियमांत बसतात का, हे महापालिकेच्या निरीक्षकाकडून आधी तपासून घ्या.

घोटाळा बहुतेक वेळा तारखांचा होतो. परवाना तीन महिने रखडतो आणि भाडं मात्र करारातल्या तारखेपासून सुरू झालेलं असतं. भाडं 'सही केल्यापासून अमुक दिवसांनी' सुरू होणार असेल तर सही करू नका. 'बांधकाम परवाना हातात आल्यापासून अमुक दिवसांनी' असं लिहून घ्या.

एफडीडीच्या ७ व्या कलमात (एफडीडीबद्दल प्रश्न ६) सुरुवातीच्या काळासाठी जो जादा निधी दाखवतात, तो सहसा पहिल्या तीनच महिन्यांचा असतो. हाताशी निदान सहा ते नऊ महिन्यांचा ठेवा.

५. वर्षाला १२ लाख डॉलरची विक्री झाली तर माझ्या हातात किती उरेल?

एक नमुना हिशेब करू. टक्केवारी गृहीत धरलेली आहे, तुमच्या दुकानाचे आकडे त्या जागी घाला. माल ३० टक्के म्हणजे ३,६०,०००. पगार आणि त्यावरचे कर ३,६०,०००. भाडं आणि संकुलाचा देखभाल खर्च १,०८,०००. रॉयल्टी, म्हणजे मूळ कंपनीला विक्रीतून द्यायचा हिस्सा, ५ टक्के, ६०,०००. जाहिरात निधी आणि स्थानिक जाहिरात मिळून ४ टक्के, ४८,०००. वीज, विमा, कार्डांचं शुल्क, दुरुस्ती, सॉफ्टवेअर वगैरे १० टक्के, १,२०,०००. उरले १,४४,०००.

आता कर्ज. सहा लाख डॉलर, दहा वर्षं, साडेदहा टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,१०० आणि वर्षाचे सुमारे ९७,०००. हातात राहिले ४७,०००, तेही आयकरापूर्वी. दुकानात पूर्णवेळ राबणाऱ्या मालकाचा पगार याच आकड्यातून निघायचा आहे.

विक्री १० टक्क्यांनी घसरून १०,८०,००० झाली तर? माल ३,२४,००० वर येतो, रॉयल्टी ५४,००० वर, जाहिरात ४३,२०० वर. पण पगार त्या प्रमाणात खाली येत नाही, कारण दुकान उघडं ठेवायला किमान माणसं लागतातच. तो ३,४५,००० धरू. भाडं तेच. इतर खर्च १,१४,०००. उरतात सुमारे ९१,८००, म्हणजे हप्त्यापेक्षा पाच हजार कमी. विक्री दहा टक्के घटली आणि मालकाची सगळी कमाई गेली. मूळ कंपनीचं उत्पन्न मात्र ६०,००० वरून ५४,००० वर आलं, एवढंच.

या पानावरच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीचं मूळ इथेच आहे. मूळ कंपनी विक्रीवर कमावते, धारक उरलेल्या पैशांवर जगतो. कंपनीचा कुठलाही निर्णय समोर आला की तो विक्री वाढवतो की उरणारे पैसे, हे आधी विचारा.

६. एफडीडी म्हणजे काय? तीनशे पानं वाचायची कशी?

फ्रँचायझी विकण्यापूर्वी कंपनीने द्यावयाचं हे खुलासापत्र (फ्रँचायझी डिस्क्लोजर डॉक्युमेंट). अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार ते सही किंवा कुठलंही पेमेंट करण्याच्या किमान १४ दिवस आधी तुमच्या हातात पडलं पाहिजे. त्यात २३ कलमं असतात. पहिल्या पानापासून वाचत गेलात तर थकून जाल. आम्ही सुचवतो तो क्रम वेगळा आहे.

आधी कलम २०. गेल्या तीन वर्षांत किती दुकानं उघडली, किती बंद पडली, किती कंपनीने परत घेतली, किती दुसऱ्याला विकली गेली, याचे तक्ते तिथे असतात. फक्त वर्षाअखेरची एकूण संख्या पाहू नका. वर्षाच्या सुरुवातीला १०० आणि शेवटी १०० असं दिसेल, पण मधल्या रकान्यांत १५ उघडली आणि १५ बंद पडली असतील. हस्तांतराचा तक्ता वेगळा असतो. एकच दुकान तीन वर्षांत दोनदा विकलं गेलं तर ते 'बंद' मध्ये दिसत नाही, मात्र दोन कुटुंबं तिथे पोळलेली असू शकतात.

याच कलमात सध्याच्या धारकांचे आणि गेल्या आर्थिक वर्षात बाहेर पडलेल्यांचे संपर्क असतात. बाहेर पडलेल्यांना आधी फोन करा. काहींनी गुप्ततेच्या अटीवर सही केलेली असते आणि ते बोलू शकत नाहीत. अशा अटी गेल्या तीन वर्षांत घातल्या गेल्या असतील तर त्याचा उल्लेखही कलम २० मध्ये करावा लागतो.

मग कलम ३, म्हणजे कोर्टकचेऱ्या. तिथे कंपनीने स्वतःच्या धारकांवर गेल्या वर्षात किती दावे लावले ते मोजा. मग कलम २१ मधले लेखापरीक्षित ताळेबंद. कंपनीचं उत्पन्न चालू दुकानांच्या रॉयल्टीतून येतं की नवीन फ्रँचायझी विकण्याच्या फीतून, हे तिथे कळतं. फीवर जगणारी कंपनी जागा न पारखता दुकानं विकत सुटते. त्यानंतर ६ (सुरुवातीच्या फीखेरीज बाकी शुल्कं), ८ (मालाची सक्ती), १२ (क्षेत्र), १७ (करार संपणं, वाद) आणि १९ (कमाई).

कॅलिफोर्निया, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन ही राज्यं नोंदलेली एफडीडी त्यांच्या संकेतस्थळांवर खुली ठेवतात. कंपनीला फोन करण्याआधीच मागच्या चार-पाच वर्षांची उतरवून घ्या आणि कलम ७ आणि २० शेजारी शेजारी ठेवून वाचा.

७. विक्री प्रतिनिधीने तोंडी सांगितलं, 'आमची दुकानं सहज पंधरा लाख करतात.' यावर विसंबावं का?

नाही. कमाईचा कुठलाही दावा करायचा तर तो कलम १९ मध्ये लिहिलेला असला पाहिजे. कलम १९ देणं कंपनीवर बंधनकारक नाही, पण ते दिलं नसेल तर प्रतिनिधीला तोंडीही आकडे सांगता येत नाहीत. शिवाय करारासोबत बहुधा 'मला कमाईबद्दल काहीही सांगितलं गेलं नाही' अशा मजकुरावर सही मागतात. तुम्हाला सांगितलं गेलं असेल तर तिथे सही करू नका आणि वकिलाला कळवा.

कलम १९ दिलं असेल तरी सरासरीखालच्या तळटीपा वाचा. आकडे कंपनीच्या स्वतःच्या दुकानांचे आहेत की धारकांचे? वर्षभरात बंद पडलेली वगळली आहेत का? सरासरीपेक्षा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) अधिक खरं बोलतो, कारण विमानतळावरची दोन दुकानं सरासरी कुठच्या कुठे नेतात.

८. टॉर्टिया, चिकन, डबे हे सगळं ठरावीक पुरवठादाराकडूनच का घ्यावं लागतं? बाजारात स्वस्त मिळतं.

चव सगळीकडे सारखी राहावी, हे एक खरं कारण. दुसरं कारण कलम ८ मध्ये असतं: पुरवठादारांकडून मूळ कंपनीला मिळणारी रिबेट, म्हणजे धारकांच्या खरेदीच्या बदल्यात तिला मिळणारी रक्कम. ती घेणं बेकायदेशीर नाही, पण जाहीर करावी लागते. रिबेट जाहिरात निधीत जाते, धारकांना परत मिळते की कंपनीच्या नफ्यात जमा होते, हे लेखी विचारा. मोजच्या काही धारकांनी २००७ मध्ये अटलांटाच्या संघीय न्यायालयात दावा लावला, तो याच मुद्द्यावर. पुरवठा साखळीत कंपनीच्या वरिष्ठांचे हितसंबंध होते आणि ते आम्हाला सांगितले नाहीत, असा त्यांचा आरोप होता. तेव्हापासून या धंद्यातला कुठलाही जाणता वकील कलम ८ आधी उघडतो.

मूळ कंपनीलाही न आवरणारी गोष्ट म्हणजे अव्होकाडो. अमेरिकेत येणारा बहुतांश माल मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातून येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका अमेरिकी निरीक्षकाला धमकी आली आणि तपासणी थांबल्यामुळे आयात आठवडाभर बंद राहिली. ४८ फळांच्या २५ पौंडी पेटीतून सुमारे साडेसोळा पौंड गर निघतो, म्हणजे चार औंसाचे ६६ वाटे. पेटी ४० डॉलरची असेल तर एका वाट्याचा गर ६१ सेंटला पडतो, ७० डॉलरची झाली तर १ डॉलर ६ सेंटला. मेनूवरचे दर बदलायला मूळ कंपनीची संमती लागणार असेल तर मधल्या आठवड्यांचा तोटा तुमचा.

९. कंपनी 'एकावर एक मोफत' जाहीर करते. मला नाही म्हणता येतं का?

करारात 'कंपनीने ठरवलेल्या सर्व मोहिमांत भाग घेणं आवश्यक' असं असेल तर नाही. बहुतेक करारांत तसं असतं. सवलतीची भरपाई जाहिरात निधीतून मिळते का आणि रॉयल्टी छापील किमतीवर लागते की प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर, हे सहीपूर्वी विचारा.

डिलिव्हरी अॅपचाही प्रश्न हाच आहे. १२ डॉलरचा बरिटो (टॉर्टियात गुंडाळलेलं सारण), अॅपचं कमिशन २५ टक्के म्हणजे ३ डॉलर, माल ३.६०, रॉयल्टी ६० सेंट, जाहिरात ४८ सेंट, जादा पॅकिंग ४० सेंट. उरले ३.९२, आणि त्यात पगार, भाडं, वीज सगळं. रिकाम्या वेळेतली जादा ऑर्डर असेल तर ठीक. दुपारच्या गर्दीत समोर रांग उभी असताना अॅपची ऑर्डर आधी भरत असाल तर तुम्ही घाट्याच्या गिऱ्हाइकासाठी नफ्याचं गिऱ्हाईक ताटकळत ठेवता. अॅपवरचे दर वेगळे ठेवायची मुभा आहे का, हे कलम ६ आणि १६ मध्ये पाहा.

१०. मालाचा खर्च ३० टक्क्यांवर ठेवा म्हणतात, माझा ३४ वर जातो. गळती कुठे होते?

पहिला संशय चमच्यावर. मांसाचा वाटा चार औंस ठरलेला असतो. काउंटरमागे वाढणारा मुलगा गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर देत पाच घालतो. रोज १४० चिकन बरिटो जात असतील तर १४० औंस, म्हणजे पावणेनऊ पौंड शिजलेलं चिकन जास्त जातं. चिकन भाजताना साधारण पाव वजन कमी होतं, म्हणून कच्चं पावणेबारा पौंड. पौंडाला ३ डॉलर धरले तर रोजचे ३५ आणि वर्षाचे साडेबारा हजार. प्रश्न ५ मधल्या ४७ हजारांचा चौथा हिस्सा एका औंसात गेला.

उपाय साधा आहे. काउंटरखाली वजनकाटा ठेवा. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला काउंटरमागच्या प्रत्येकाने तीन वाटे भरून वजन करायचं. ओरडून सांगण्यापेक्षा काटा लवकर शिकवतो. पण वाटा चारच्या खालीही जाऊ देऊ नका. गिऱ्हाइकाला ते लगेच कळतं आणि तो परत येत नाही.

वाटा बरोबर असूनही खर्च जास्त असेल तर फेकला जाणारा माल लिहून ठेवा. ग्वाकामोले दुपारपर्यंत काळं पडतं, म्हणून ते एकदम न करता दिवसातून दोन-तीनदा करायचं. अव्होकाडोच्या पेट्या पिकण्याच्या अवस्थेनुसार वेगळ्या लावा. कडक फळं बाहेर ठेवायची, तयार फळं कूलरमध्ये.

११. दुसऱ्या गावातल्या दुकानात विषबाधा झाली तर माझ्या धंद्यावर परिणाम होतो का?

होतो, आणि त्याची भरपाई कोणी देत नाही. २०१५ मध्ये चिपोटलेच्या गिऱ्हाइकांना अनेक राज्यांत ई. कोलाय या जिवाणूची बाधा झाली. पुढच्या तिमाहीत जुन्या दुकानांची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत २९.७ टक्के घसरली. दुकानं कंपनीची होती, म्हणून फटका कंपनीने सोसला. तीच दुकानं धारकांची असती तर दहा टक्क्यांनीच कोलमडणारा प्रश्न ५ मधला हिशेब तीस टक्क्यांना कुठे उरला असता? विमा घेताना 'ब्रँडवरच्या संकटामुळे बुडालेली विक्री' त्यात येते का, हे विचारा. साध्या पॉलिसीत ती येत नाही.

तुमच्या स्वयंपाकघरातला धोका मात्र बहुधा बीन्स, भात आणि मांस गरम-थंड करण्यात असतो. २०१८ मध्ये ओहायोच्या पॉवेल गावात एका दुकानातून साडेसहाशेच्या आसपास माणसं आजारी पडली. कारण निघालं क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, म्हणजे अयोग्य तापमानात राहिलेल्या अन्नात वाढणारा जिवाणू. नियम असा: गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या वर, थंड ४१ च्या खाली. शिजलेलं गार करताना १३५ वरून ७० वर दोन तासांत आणि तिथून ४१ वर पुढच्या चार तासांत आलं पाहिजे. बीन्सचं खोल भांडं तसंच कूलरमध्ये ढकललं तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो. दोन इंच उंचीच्या पसरट ट्रेमध्ये ओता, थंड होईपर्यंत झाकण घट्ट लावू नका आणि तापमान वेळेसकट वहीत लिहा.

१२. आमच्या भागात भारतीय गिऱ्हाईक खूप. पनीर बरिटो ठेवता येईल का?

लेखी संमतीशिवाय नाही. कलम १६ नुसार मंजूर मेनूबाहेरचं विकणं हे करारभंगाचं कारण ठरतं. चाचणीसाठी अर्ज करता येतो. पदार्थाची कृती, पुरवठादार, अॅलर्जीची माहिती आणि लागणारी जादा भांडी लिहून द्या. परवानगीशिवाय शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी करता येण्यासारखं पुष्कळ आहे: भाज्यांचा चमचा वेगळा, हातमोजे बदलणं, बीन्समध्ये चरबी किंवा मांसाचा रस्सा आहे का याचं नेमकं उत्तर काउंटरवर देता येणं.

१३. माझ्यापासून मैलभरावर त्याच ब्रँडचं दुसरं दुकान उघडू शकतं का?

कलम १२ मध्ये 'संरक्षित क्षेत्र' दिलं नसेल तर उघडू शकतं. दिलं असेल तरी त्यातले अपवाद वाचा. विमानतळ, विद्यापीठं, रुग्णालयं, सुपरमार्केटमध्ये विकला जाणारा ब्रँडचा साल्सा आणि फक्त डिलिव्हरीसाठीची स्वयंपाकघरं बहुधा वगळलेली असतात. जुन्या करारांत शेवटच्या प्रकाराचा उल्लेखच नसतो आणि तिथे वाद होतात. अनेक दुकानांचा विकास करार घेतला असेल तर क्षेत्राचा हक्क वेळापत्रकाला बांधलेला असतो. तिसरं दुकान ठरल्या तारखेला उघडलं नाही तर हक्कही जातो आणि आगाऊ भरलेली फीही.

१४. मूळ कंपनी विकली गेली किंवा दिवाळखोरीत गेली तर माझं काय?

विकली गेली तर करार नव्या मालकाकडे जसाच्या तसा जातो. पण दुकान कसं चालवायचं याची सूचनापुस्तिका बदलण्याचा हक्क त्याच्याकडे असतो. नवं बिलिंग सॉफ्टवेअर, नवं फर्निचर, नवी पाटी असे खर्च त्या पुस्तिकेतून येतात. नूतनीकरण किती वर्षांनी आणि जास्तीत जास्त किती रकमेचं, ही मर्यादा करारात घालून घ्या. सहीनंतर ती मिळत नाही.

कंपनीने चॅप्टर ११ चा (धंदा चालू ठेवून कर्जांची फेरमांडणी करण्याच्या दिवाळखोरीचा) अर्ज केला तर लगेच रॉयल्टी थांबवू नका. करार चालू असतो आणि थकबाकीदार तुम्ही ठरता. कंपनीने न्यायालयात करार नाकारला तरी ब्रँडचं नाव वापरण्याचा हक्क आपोआप संपत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मिशन प्रॉडक्ट विरुद्ध टेम्पनॉलॉजी या खटल्यात दिला. मात्र पाटी राहून पुरवठा, अॅप आणि जाहिरात थांबली तर त्या हक्काचा उपयोग थोडाच. म्हणून नोटीस येताच धारकांच्या संघटनेमार्फत एकत्र वकील नेमा. एकेकट्या धारकाला दिवाळखोरी न्यायालयात सहसा वजन नसतं.

१५. कॅलिफोर्नियातला ताशी २० डॉलरचा किमान पगार मला लागू होतो का? माझं तर एकच दुकान आहे.

होतो, जर ब्रँडची देशभरात ६० किंवा जास्त दुकानं असतील. १ एप्रिल २०२४ पासूनचा हा नियम ब्रँडच्या संख्येवर चालतो, तुमच्या नाही. शेजारचं स्वतंत्र टाकेरिया (टॅकोचं दुकान) मात्र राज्याच्या सर्वसाधारण किमान वेतनावर चालतं. फिश टॅकोसाठी प्रसिद्ध असलेल्या सॅन दिएगोच्या रुबिओजने जून २०२४ च्या सुमारास कॅलिफोर्नियातली ४८ दुकानं बंद करून दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा राज्यात धंदा करण्याच्या वाढत्या खर्चाकडे बोट दाखवलं. २०२० मध्येही तिने असा अर्ज केलेला होता. तेव्हा सगळा दोष पगारावर टाकता येणार नाही.

१६. मी एच-१बी वर आहे. दुकान घेता येईल का?

गुंतवणूक करता येते, दुकानात काम करता येत नाही. काउंटरवर उभं राहणं, माणसांच्या पाळ्या लावणं, रोजचं व्यवस्थापन हे विनापरवाना काम ठरू शकतं, पगार घेतला नाही तरी. आणि बहुतेक मेक्सिकन साखळ्या कलम १५ मध्ये मालकाने जातीने लक्ष घालावं किंवा मान्यताप्राप्त व्यवस्थापक-भागीदार नेमावा अशी अट घालतात. म्हणजे व्हिसा एक सांगतो, करार दुसरं. जोडीदाराकडे एच-४ वर काम करण्याचा परवाना असेल तर त्याच्या किंवा तिच्या नावाने चालवता येतं, पण परवान्याची मुदत कराराच्या दहा वर्षांशी ताडून पाहा. ई-२ हा गुंतवणूकदारांचा व्हिसा भारतीय नागरिकांना मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारा अमेरिकेशी करार भारताचा नाही. 'फ्रँचायझी घ्या, ई-२ मिळवा' असं सांगणाऱ्या दलालाला तिथेच नमस्कार करा. इमिग्रेशनचा आणि फ्रँचायझीचा असे दोन वेगळे वकील लागतात.

१७. दुकान चालत नाही. बंद केलं तर प्रकरण संपेल ना?

संपत नाही. स्वतःची कंपनी काढून तिच्या नावाने दुकान घेतलं असलं तरी भाडेकरार, कर्ज आणि फ्रँचायझी करार या तिन्हींवर बहुधा तुमची आणि जोडीदाराची वैयक्तिक हमी असते. दुकान बंद झाल्यावर उरलेल्या वर्षांचं भाडं मागितलं जातं. मूळ कंपनी पुढची दोन-तीन वर्षं मिळाली असती ती रॉयल्टी 'ठरलेली नुकसानभरपाई' म्हणून मागू शकते. शिवाय ठरावीक अंतरात मेक्सिकन पदार्थ विकायला मनाई असते, म्हणून पाटी बदलून तेच दुकान चालवणं जमत नाही.

पैसे संपण्याच्या सहा महिने आधी हालचाल करा. क्रम असा: आधी घरमालकाशी भाडं कमी करण्याबद्दल किंवा मुदतीआधी सुटण्याबद्दल बोलणं, मग कंपनीकडे काही काळ रॉयल्टी सवलत, मग विक्री. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर आणि गिऱ्हाइकाकडून घेतलेला विक्रीकर कधीही फिरवू नका. ते सरकारचे पैसे असतात आणि त्यांची वसुली थेट तुमच्यावर येते.

राज्याचे कायदेही पाहा. न्यू जर्सीत पात्र फ्रँचायझी संपवायला सबळ कारण आणि ६० दिवसांची नोटीस लागते. कॅलिफोर्नियात २०१६ पासून चूक सुधारायला किमान ६० दिवस द्यावे लागतात. अनेक राज्यांत असं काहीच नाही आणि करारात लिहिलं तेच खरं.

१८. नवीन उघडण्यापेक्षा चालू दुकान विकत घेतलं तर?

बऱ्याचदा ते शहाणपणाचं असतं, कारण खरे आकडे मिळतात. मालकाने छापून दिलेलं नफा-तोटा पत्रक पाहू नका. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, विक्रीकराची विवरणपत्रं आणि मूळ कंपनीकडे पाठवलेले रॉयल्टीचे अहवाल मागा आणि तिन्हींतली विक्री जुळते का पाहा. उरलेला करार किती वर्षांचा, हस्तांतर शुल्क किती, आणि हस्तांतरासाठी कंपनी नूतनीकरण मागणार का, हेही विचारा. स्वस्तात मिळालेल्या दुकानावर लाख-दीड लाख डॉलरचं सक्तीचं नूतनीकरण बसलं की स्वस्ताई संपते.

१९. महाराष्ट्रात अशी फ्रँचायझी घेता येईल का? एका संकेतस्थळावर अर्ज भरला, आता 'नोंदणी शुल्क' मागतायत.

पैसे भरू नका. परदेशी ब्रँड भारतात सहसा एकाच मोठ्या कंपनीला देशभराचे हक्क देतात. टॅको बेलने २०१९ मध्ये बर्मन हॉस्पिटॅलिटीला दिले तसे. त्यामुळे एका दुकानाची फ्रँचायझी ऑनलाइन अर्जावर वाटली जाणं अशक्यप्राय असतं. ब्रँडच्या मूळ देशातल्या अधिकृत संकेतस्थळावर जा, तिथल्या गुंतवणूकदार किंवा फ्रँचायझी विभागाच्या ईमेलवर विचारा, आणि उत्तर येईपर्यंत कोणाच्याही खात्यात काही टाकू नका. पैसे व्यक्तीच्या नावाच्या किंवा ब्रँडशी संबंध नसलेल्या कंपनीच्या खात्यात मागत असतील तर ती फसवणूकच समजा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा.

देशी मेक्सिकन ब्रँडची फ्रँचायझी घेत असाल तर एक फरक ध्यानात ठेवा. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, म्हणून एफडीडीसारखं खुलासापत्र कोणी आपणहून देणार नाही. तुम्हीच मागा: बंद पडलेल्या दुकानांची यादी, तीन धारकांचे फोन, दोन वर्षांचे ताळेबंद, पुरवठादारांकडून मिळणारी रिबेट. रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी येतो. पाच टक्के दरानं जीएसटी आकारणाऱ्या रेस्टॉरंटला त्याची वजावट मिळत नाही, म्हणून ६ टक्के रॉयल्टी प्रत्यक्षात ७.०८ टक्के पडते. हिशेब त्याच आकड्याने मांडा.